चकतीवरची रेघ

मित्रांनो, मी फ्रिज आहे. जुना, पांढरा, पायांशी गंजलेला, आणि चालू झालो की घरघरणारा. माझ्या दाराला एक निळी फीत लोंबते आहे. ती पदकाची फीत आहे. पदक मात्र मला कोणी दिलेलं नाही. ही फीत माझ्या गळ्यात कशी आली, तेवढंच आज सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. घरोघरी भाज्या सांभाळणारे फ्रिज असतात, त्यांचा मी दूरचा भाऊ. मला लशी सांभाळण्यासाठी घडवलं. म्हणून माझ्या कपाळावर एक गोल काचेची डबी बसवली. तिच्या आत कागदाची चकती, आणि चकतीवर टेकलेलं बारीक पेन. चावीचं घड्याळ चकती फिरवतं, आणि माझ्या पोटात जशी थंडी असेल तशी रेघ पेन ओढत राहतं. आठवडाभरात एक फेरा पूर्ण होतो. दर सोमवारी चावी द्यायची, जुनी चकती काढायची, नवी घालायची. माणसं म्हातारपणी आत्मवृत्त लिहितात. मी रोजचं रोज लिहीत आलो, आणि त्यात एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही.

पहिली चौदा वर्षं मी लहान मुलांच्या दवाखान्यात होतो. किती बाळं रडली, किती आयांनी डोळे पुसले! तिथली नर्स सकाळी आली की आधी माझी रेघ बघायची, मग स्वतःची खुर्ची ओढायची. माझं दार उघडताना ती श्वास रोखून धरायची, जणू आत कोणी झोपलं आहे. तसं प्रेम पुन्हा वाट्याला आलं नाही.

मग दवाखान्याला नवा फ्रिज मिळाला आणि मला मुलींच्या फुटबॉल लीगच्या कचेरीत धाडलं. माझ्याबरोबर आल्या त्या फक्त सफाईच्या मावशी. दवाखान्यात फरशी पुसायच्या, इथेही फरशीच पुसू लागल्या. नर्सबाईंनी निघताना त्यांना सांगितलं होतं, "सोमवारी चकती बदलायची, विसरू नका हं." मावशी विसरल्या नाहीत. कोणी विचारलं नाही, कोणी शाबासकी दिली नाही. जुन्या चकत्या त्या दोरीत ओवायच्या आणि माझ्या पाठीमागच्या खिळ्याला अडकवायच्या. काम करता करता गुणगुणायच्या:

मुक्याची गं साक्ष, मुका ठेवितो पोटात,
वेळ आली म्हणजे, येते जगाच्या ओठात.

लीगमध्ये माझं काम काय? हसू नका, सांगतो. सामना संपला की दोन्ही संघांतून एकेक चिठ्ठी निघायची. जिचं नाव निघेल तिने लघवीचा नमुना द्यायचा. कोणी ताकदीचं चोरटं औषध घेतलं आहे का, ते तपासायला. नमुना दोन बाटल्यांत भरायचा, 'अ' आणि 'ब'. झाकणं मोहोरबंद करायची आणि प्रयोगशाळेचा माणूस येईपर्यंत माझ्यात ठेवायच्या. 'अ' मध्ये काही सापडलं तर खात्रीसाठी 'ब' उघडायची. नियम चांगला होता. नियम चांगलेच असतात हो, बिचारे. वाईट असते ती सोबत.

सोबत कोणाची, तर सचिवसाहेबांची आणि डॉक्टरांची. सचिवसाहेबांनी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला मी पाहिला नाही. पण फोटोत ते नेहमी चेंडूवर पाय ठेवून. डॉक्टरांनी एका तरी खेळाडूची नाडी धरली असेल तर शपथ. माझ्या दारावर एक तक्ता टांगलेला होता: रोज सकाळ-संध्याकाळ तापमान बघून लिहावे. डॉक्टर एक तारखेलाच बसायचे आणि महिनाभराचे रकाने एका दमात भरायचे. चार, चार, चार, चार. उद्याची थंडी आजच ठाऊक असलेला एवढा मोठा विद्वान मी दुसरा पाहिला नाही.

आता त्या शनिवारकडे येतो.

सकाळी सामना झाला. चिठ्ठ्या निघाल्या. एका संघातून निघाली कडी. ती गोलकीपर. दाराला कडी लावावी तसा तिने गोल लावून घेतला की चेंडूला आत वाट नाही, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं नाव. वय तेहतीस, एक गुडघा दोनदा कापलेला. अकरा वर्षं ती त्या संघात होती आणि संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्याच्या वाटेवर होता. "हा कप घेऊ आणि मग मी घरी बसेन," असं ती सगळ्यांना सांगून बसली होती. दुसऱ्या संघातून निघाली चांदणी, सगळ्यात जास्त गोल करणारी. तिकिटांवर तिचाच चेहरा छापलेला असायचा.

दोघींच्या मिळून चार बाटल्या माझ्यात आल्या. रविवारी प्रयोगशाळा बंद, म्हणून मुक्काम सोमवारपर्यंत.

आणि दुपारी एक वाजता आला केक. सचिवसाहेबांचा वाढदिवस होता. तीन मजली केक, वर साखरेचा फुटबॉल. संध्याकाळी कापायचा होता, तोवर ठेवायचा कुठे?

"ह्याच्यात ठेवा की," सचिवसाहेब म्हणाले.

"साहेब, ह्यात नमुने आहेत," डॉक्टर म्हणाले.

"मग ते काय केक खाणार आहेत?"

दोघेही पोट धरून हसले. बाटल्या कोपऱ्यात सरकल्या, केक बसला. पण दार लागेना. साखरेचा फुटबॉल आडवा आला. डॉक्टरांनी टेबलावरचं एक उरलेलं पदक उचललं, त्याची फीत उपसली आणि दार केकवर दाबू नये म्हणून माझ्या दाराची मूठ बाजूच्या कपाटाला बांधली. दार चार बोटं उघडं. संध्याकाळी केक नेला, फीत तशीच राहिली. ऐन उन्हाळा. मी जीव तोडून धावलो मित्रांनो, घरघरून घरघरून माझा घसा बसला. पण उघड्या दाराने थंडी राखता येत नाही. शनिवार गेला, रविवार गेला. कपाळावरचं पेन वर वर चढत राहिलं.

सोमवारी सकाळी मावशी आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई, हे कोणाचं कर्तृत्व?" त्यांनी फितीची कपाटाकडची गाठ सोडली, दार लावलं, चकती बदलली. डॉक्टर आले तेव्हा म्हणाल्याही, "साहेब, दार उघडंच होतं. आत नुसती भट्टी."

"आता लावलंस ना? मग झालं."

बाटल्या गेल्या. तक्त्यावर चार लिहिलेलं होतंच.

तीन आठवड्यांनी अहवाल आले. दोघींच्याही नमुन्यात नसावं ते थोडंसं आढळलं होतं. दोघींच्या 'ब' बाटल्याही तेच म्हणाल्या. म्हणणारच! चारही बाटल्या एकाच भट्टीत शिजल्या होत्या.

लीगच्या नियमांत अठरावं कलम आहे. मला ते पाठ आहे, कारण सचिवसाहेब ते माझ्या अंगाला टेकूनच वाचायचे: चौकशी चालू असताना लीग खेळाडूवर योग्य वाटेल ती कारवाई करू शकते. योग्य कोणाला वाटेल, ते लिहिलेलं नाही. त्या कलमाने कडीला त्याच दिवशी घरी बसवलं. मैदानात पाय ठेवायचा नाही, सरावाला यायचं नाही. आणि चांदणी? "चौकशी पुरी झालेली नाही, तोवर तिला दोषी कसं म्हणायचं?" असं म्हणून त्याच कलमाने तिला खेळू दिलं. तिकिटं छापून झाली होती ना! एकच कलम, एकीला कुंपण आणि दुसरीला छत्री. भाजीच्या सुरीनेसुद्धा लाजावं अशी ही धार: ज्याचं बोट दाखवाल, तेवढंच कापते.

अंतिम सामना रविवारी होता. कडीची सुनावणी त्याआधीच्या गुरुवारी लागली. सभागृहात कपाचे फोटो काढणं चाललं होतं, म्हणून सुनावणी माझ्या खोलीत. पंच कोण? सचिवसाहेब. साक्षीदार कोण? डॉक्टर. दोघांमध्ये बिस्किटांची बशी.

कडीबरोबर तिची आई आली होती. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, छातीशी पिशवी धरलेली. आत येताच तिने माझ्याकडे पाहिलं आणि श्वास रोखला. मला माझी जुनी नर्स आठवली. ही ती नव्हती. पण जात तीच. पस्तीस वर्षं लशी टोचून निवृत्त झालेली.

"तापमान चोख आहे," डॉक्टर तक्ता पुढे सरकवत म्हणाले. "रोज चार अंश. नमुन्याला काही झालेलं नाही."

"अहवालाच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय, नमुना खराब झाल्याच्या खुणा आहेत," आई म्हणाली. "लघवी उबेला राहिली की जंतू वाढतात. ते नसलेलंही निर्माण करतात. वाचलंत का दुसरं पान?"

डॉक्टरांनी घाईने पान उलटलं. त्या पानाची घडी त्या दिवशी पहिल्यांदा मोडली.

"बाई, तुम्ही सोबत आला आहात," सचिवसाहेब म्हणाले. "मध्ये बोलू नका."

"बरं. मग एवढंच विचारते. ह्याची चकती कोण बदलतं?"

"ते बंद पडलेलं घड्याळ आहे हो."

"बंद पडलेलं? मग टिकटिक कोणाची, तुमच्या कलमाची?"

दारात मावशी पोछा घेऊन उभ्या होत्या. तीन वर्षांनी त्यांना निवृत्ती होती. पण त्या पुढे आल्या, माझ्या पाठीमागे हात घातला आणि चकत्यांची माळ काढली.

"मी बदलते. दर सोमवारी. घ्या, सगळ्या आहेत."

आईने चष्मा लावला आणि बोटाने एकेक चकती सरकवली. त्या आठवड्याची सापडली. सगळ्या चकत्यांवर माझी रेघ शहाण्या मुलीसारखी गोल फिरलेली. आणि ह्या एकीवर, शनिवारच्या घरात, डोंगर चढलेला.

"कागदावर चार," आई म्हणाली, "आणि इथे सव्वीस. शनिवारी दुपारी एकपासून सोमवार सकाळपर्यंत. काय होतं हो त्या शनिवारी?"

डॉक्टरांनी बिस्किटाकडे पाहिलं. सचिवसाहेबांनी छताकडे.

"साहेबांचा वाढदिवस," मावशी म्हणाल्या.

कडीला आधी हसू आलं, आणि मग त्याच तोंडाने रडू. तिने आईचा पदर धरला. एवढी उंच बाई, पदर धरायला वाकावं लागलं.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, झालं, सत्याचा विजय. मीही म्हणालो. पण ज्यांना लाज नसते त्यांना पेच नसतो. सचिवसाहेबांनी घसा साफ केला. "नवी माहिती पुढे आली आहे. त्यामुळे चौकशी वाढवणं भाग आहे. आणि चौकशी चालू असेपर्यंत निलंबनही चालू राहील. कलम अठरा."

"आणि चांदणी?" कडीने विचारलं. "तिच्या बाटल्या माझ्या शेजारीच होत्या."

"ती चौकशी वेगळी आहे."

"साहेब, मी खेळले नाही तरी चालेल. पण मग दोघींना बसवा, नाहीतर दोघींना उतरवा. तुम्ही नियम लावत नाही आहात, माणसं निवडताय."

"भावनेच्या भरात बोलू नका," असं म्हणून त्यांनी शेवटचं बिस्किट उचललं.

रविवारी सामना झाला. खोलीतल्या टीव्हीवर मी पाहिला. कडीच्या जागी एक घाबरलेली मुलगी उभी होती. लांबून एक मंद चेंडू आला, कडीने झोपेतही अडवला असता असा. तो तिच्या हातांखालून सरपटत गेला. चांदणीचा गोल. एक विरुद्ध शून्य. सचिवसाहेबांनी कप दिला आणि फोटोत चेंडूवर पाय ठेवला.

मंगळवारी निकाल लागला. दोन्ही खेळाडू निर्दोष. दोष कोणाचा, तर, वाचताना डॉक्टरांचा आवाजही कापला नाही, "फ्रिज जुना व सदोष असल्यामुळे." संपूर्ण चौकशीत शिक्षा झाली ती दोघांना. मावशींना फाटकाबाहेरच्या झाडलोटीवर पाठवलं आणि मला भंगारात. माझ्या जागी नवा फ्रिज आला. चकचकीत आहे म्हणतात. त्याला पेन नाही.

भंगाराच्या अंगणात मी अकरा दिवस उभा होतो. बाराव्या दिवशी मावशींनी दाखवलेल्या वाटेने कडी आणि तिची आई आल्या. कडीने मला पाठीवर घेतल्यासारखं टेम्पोत चढवलं.

आता मी एका लहान मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या खोलीत असतो. कडी पुन्हा संघात गेली नाही. तेहतिसाव्या वर्षी हुकलेला अंतिम सामना चौतिसाव्या वर्षी कोणी राखून ठेवत नाही. ती मुलींना गोल अडवायला शिकवते. माझ्यात आता सुजलेल्या गुडघ्यांसाठी बर्फ असतो. सोमवारी आई चकती बदलते. ती निळी फीत मात्र कडी कोणाला काढू देत नाही.

मित्रांनो, जाता जाता एकच मागणं. उघडं दार दिसलं तर मावशींसारखं लावा, आणि लावून गप्प बसू नका. कोणी "मग झालं" म्हणालं तरी पुन्हा सांगा. बघितल्याशिवाय चार लिहू नका. आणि कधी मोठे झालात, कोणाच्या खेळण्याचा निर्णय तुमच्या हाती आला, तर आधी स्वतःचा केक कुठे ठेवलाय ते आठवा.

बाहेर सराव संपला आहे. मुली घामेजून आत येतात, बर्फ घेतात, दार धाडकन आपटतात आणि पळतात. सगळ्यात शेवटी कडी येते. लागलेलं दार ती एकदा ओढून बघते. मगच जाते.