दाव्याचा दोष

प्लेगाची साथ ओसरून दोन वर्षं झाली होती. दापोऱ्याच्या दगाचा थोरला भाऊ यादव त्या साथीत गेला, तेव्हापासून वहिनीच्या, भागाबाईच्या गोठ्याचं कामही दगाच बघे. माघातल्या एका दुपारी भागाबाई शेतात होती. दगानं तिची गाय घाईघाईत बांधली. दावं आखूड, गाठ सरकती. गाय घसरली, फास बसला आणि ती जागीच गेली.

दाव्याला गाय मेली म्हणजे गोहत्याच. पंच जमले. "कोणी बांधली होती?" गोटू पाटलांनी विचारलं.

वैशाखात दगाच्या लेकीचं, लीलाचं लग्न होतं. वाळीत पडलेल्याच्या घरातून सून कोण नेणार? भागाबाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"गाय माही, दावं माहं," ती म्हणाली. "दोष बी माहाच."

तेच दावं गळ्यात घालून एकवीस दिवस भीक मागायची, माणसासारखा एक शब्द बोलायचा नाही, दारोदार गायीगत हंबरायचं; मग तापीत न्हाऊन जातीला जेवण. असं प्रायश्चित्त ठरलं आणि दगा मान खाली घालून घरी आला.

दहाव्या दिवशी तो कापसाची गाडी घेऊन बऱ्हाणपूरला गेला. बाजारात पोरांचा घोळका हसत होता. मध्ये भागाबाई. पायाला चिंध्या, गळ्यात दावं. एका दुकानापुढे तिनं हंबरायला तोंड उघडलं, पण आवाज फाटला. दुकानदारानं मूठभर ज्वारी टाकली. ती वळली, तेव्हा तिला दगा दिसला. बोलायची बंदी होती. तिनं हातानंच खूण केली, जा, गाडी हाक.

दगानं गाडी तिथंच सोडली. वहिनीच्या गळ्यातलं दावं काढून आपल्या गळ्यात घातलं आणि तिला घेऊन तसाच पायी दापोऱ्याला आला.

"पाटील, गाय म्या बांधली होती. वहिनी शेतात होती."

"इतके दिस कुठं होती जीभ?" पाटील कडाडले. "आता तुले पुरे एकवीस दिस. लग्नाचं तू बघ."

दगा फिरला. हंबरताना पहिल्या दिवशी तो लाजेनं मेल्याहून मेल्यासारखा झाला. जसोंडी गावात एका म्हातारीनं भाकरी तर दिलीच, वर त्याच्या फुटलेल्या टाचांवर गरम तेल सोडलं. त्याला बोलता येत नव्हतं. तो नुसता रडला.

बाविसाव्या दिवशी तापीत न्हाऊन त्यानं पंगत बसवली. पानं वाढली, पण हात कोणाचाच हलेना. पहिला घास घेणाऱ्याच्या पोटात दोष्याचं पाप जातं, अशी समजूत होती. पाटीलसुद्धा पानाकडे बघत राहिले.

बायकांच्या पंगतीतून भागाबाई उठली, पुरुषांच्या पंगतीपुढे आली. दगाच्या हातून भात घेतला आणि उभ्यानं खाल्ला.

"वहिनी, पाप लागंल," दगा पुटपुटला.

"लागू दे. दोघांत वाटून हलकं होईल." तिनं पाटलांकडे पाहिलं. "जेवा आता, गार होऊ रायलं."

पाटील हसले, त्यांनी घास उचलला, आणि सगळी पंगत जेवू लागली. दगा वाढत होता. डोळ्यांतल्या पाण्यानं त्याला पानं धड दिसत नव्हती.

लीलाचं लग्न वर्षभर लांबलं. पण व्याही बोलणी मोडायला नव्हे, नवी तिथी ठरवायला आले. मांडवात दगानं भागाबाईला सगळ्यांत आधी मानाची साडी दिली आणि साऱ्यांदेखत तिच्या पायांवर डोकं ठेवलं.