जवसाची शीग

मनतशाचा फोन आला तेव्हा उज्वला जवस निवडत बसली होती आणि दीड वर्षाचा शिवांश परातीत हात घालून घालून दाणे उधळत होता. मनतशा तिची नांदेडच्या कॉलेजातली मैत्रीण. आता तिनं तिथं चटण्यांचा कारखाना टाकला होता. "तुझ्या घरची जवसाची चटणी पायजे मला. आठ दिवस ये, माझ्या बायकांना शिकव."

आठ दिवस! लग्न होऊन अहमदपुरात आल्यापासून उज्वला एकटी एस.टी.त बसली नव्हती. मनातल्या मनात तिनं पिशवी भरायलाही घेतली.

सासूनं, साखराबाईनं, भाकरी थापता थापताच निकाल दिला. "लेकरू सोडून कुठं जायलीस? माप सांग की फोनवर."

"आत्याबाई, आपलं माप चिपट्याचं. त्यांना ग्रॅममधी लागतंय."

"मग तोलून घ्या. भागवत हाय ना रिकामा."

उज्वलाच्या नवऱ्यानं, भागवतनं, पितळेचं चिपटं आणि पिशवीभर जवस उचललं आणि कोपऱ्यावरच्या शरणप्पाच्या किराणा दुकानात गेला. परत आला तो शीळ घालतच. "एकशे साठ ग्रॅम. झालं तुमचं काम, मॅडम."

उज्वलाला तिथंच खटकलं. माप भरलं की दुकानदार वरून तळहात फिरवून सपाट करतो, तसंच शरणप्पानं केलं असणार. घरात मात्र खायच्या जिनसाला शीग लावायची रीत. चिपटं काठोकाठ भरलं की वर दाण्यांचा डोंगर चढवायचा, आणि जवस निसरडं म्हणून डाव्या हाताचा आडोसा धरायचा. साखराबाई म्हणायची, सपाट माप उपाशी असतंय.

तरी तिनं मनतशाला फोन लावला. जवस एकशे साठ सांगितलं, मीठ-तिखट मात्र शिगेच्या चिपट्याला लागतं तेवढंच. शिवांशला कडेवर घेऊन कितीतरी वेळ उगीच खिडकीशी उभी राहिली. चुकू दे एकदा, मग बोलावतील.

चार दिवसांनी फोन आला. "उज्वला, नमक लई झालं गं. तिखट पण. बायका म्हणायल्या, ही चटणी हाय का औषध? तूच ये आता, बाई."

"येते," उज्वला पटकन म्हणाली.

साखराबाईनं पीठभरला हात पुढं करून फोन घेतला. "पोरी, किती जवस घातलंस? एकशे साठ? अगं, ते सपाट माप झालं! आमच्यात शीग असतीया. थांब जरा."

यावेळी भागवतसोबत साखराबाई स्वतः दुकानात गेली. शरणप्पाच्या हातातलं चिपटं काढून घेतलं, काट्यावरच ठेवलं, आडोसा धरून वर डोंगर चढवला. रिकाम्या चिपट्याचं वजन वजा करून एकशे नव्वद भरलं. घरी येऊन तिनं मनतशाला आकडा सांगितला, आणि जवस कुठवर भाजायचं, कसा तडतड आवाज आला की उतरवायचं, हेही सांगून टाकलं. सगळं, अगदी नीट. उज्वला चुलीपाशी ऐकत राहिली. म्हातारीच्या बोलण्यात कपट नव्हतं, हेच तिला जास्त लागलं.

आठवड्यानं मनतशाचा निरोप आला. चटणी फक्कड जमली. उज्वलानं आता एवढ्या लांब यायचा त्रास घेऊ नये.

"बघ," साखराबाई खुशीत म्हणाली, "जायची गरजच पडली न्हाई."

शिवांश उज्वलाचा पदर ओढत होता. तिनं तो सोडवला नाही.

"आत्याबाई, मला जायचं होतं."

"कशाला? माप तर गेलं की."

"माप गेलं. मी न्हाई गेले."

साखराबाईचा हात पिठावर थांबला. ती सुनेकडं बघत राहिली, जणू काही नवंच कानावर पडलं होतं. भागवत दारात चप्पल काढत होता. तो काढायचा थांबला.

"तव्यावरची करपायली," साखराबाई शेवटी म्हणाली.

उज्वलानं भाकरी उलटली. मग तवा चुलीवरून खाली उतरवला आणि म्हणाली, "तरी मला जायचंय."