डिस्क वाजत असताना

स्क्रू चार होते, बशीत आता तीनच दिसत होते, आणि चौथा कुठे गेला हे प्रतिभाला ठाऊक होतं, कारण तो तिच्या मुठीत होता. मसुराच्या डाळीएवढा, एका अंगाने गंजलेला. तेजस्विनी टेबलाखाली वाकून मोबाइलच्या उजेडात फरशी शोधत होती. शोधू दे. पोटच्या पोरीचा इतका राग यावा असं खरं तर काही घडलं नव्हतं. पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून ती आली होती ती आईसाठीच, आणि येताना या जुनाट कॉम्प्युटरसाठी एक लहानसं कार्ड घेऊन आली होती. हार्ड डिस्क काढायची, तिच्या जागी हे कार्ड बसवायचं, आतलं सगळं सकाळीच त्यावर उतरवलेलं, जसंच्या तसं, आणि वेग दसपट.

"आठ मिनिटं लागतात गं आई हा नुसता सुरू व्हायला. तुझा किती वेळ वाचेल बघ."

वाचेल की. आणि वाचलेला वेळ कुणाच्या ताटात वाढला जाईल, ते विचार ना...

आतल्या खोलीत नाना खोकले. नाना म्हणजे सासरे, मल्हारी, वय शहाऐंशी, कंबरेचं हाड मोडल्यापासून तीन वर्षं खाटेवर. हा खोकला काही छातीतला नव्हता, हाक मारण्याआधीचा होता. प्रतिभाने सवयीने कान डिस्ककडे लावला, आणि डिस्क तर समोर टेबलावर उघडी पडलेली, वायर निघालेली, मुकी.

पंचवटीतल्या या दोन खोल्यांत ती पंचवीस वर्षं लग्नपत्रिका टाइप करत आली होती. अक्षरांचं जुनं सॉफ्टवेअर याच मशीनवर चालतं, म्हणून मशीन टिकलं. आणि मशीनच्या आवाजावर घरातला एक कायदा टिकला, तो नानांनीच केलेला. वीस वर्षांपूर्वी सुरगाण्याकडच्या एका घरची पत्रिका होती. डिस्क करकरत फाइल साठवत होती, नानांनी चहासाठी हाक मारली, ती धडपडत उठली, वायर पायात आली आणि मशीन बंद. फाइल गेली. मग घाईघाईत दुसऱ्याच घरच्या जुन्या पत्रिकेवर नावं बदलली, आणि तिथलं एक 'कै.' तसंच राहिलं – नवऱ्या मुलाच्या जित्याजागत्या आजोबांच्या नावाआधी. पाचशे पत्रिका वाटून झाल्या. तो म्हातारा आधी जीपने, मग एसटीने स्वतः इथवर आला आणि दारात उभं राहून शांतपणे म्हणाला, "बाई, मी मेलो तं मला तरी सांगायचं ना."

त्या संध्याकाळी नानांनी सांगून टाकलं, डिस्क वाजत असताना प्रतिभाला कुणी हाक मारायची नाही. छापखान्यात जन्मभर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस. आवाज म्हणजे काम, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. नवरा, रविराज, होता तोवर त्यानेही आपल्या बापाचा हा नियम पाळला. तो जाऊन सहा वर्षं झाली, नाना अजून पाळतात.

आणि मी? मी काय केलं... दुपारची जेवणं उरकली की ती मशीनला डिस्क आवरायला, म्हणजे आतल्या विखुरलेल्या फाइली नीट रचायला लावायची. पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करून जागा बदलत राहायचे, डिस्क तास-दीड तास घरघरायची. सहा महिन्यांतून एकदा करायचं काम ती रोज करायची. त्या वेळात ती काय करायची? काही नाही. खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची. पलीकडे नाना जागे असायचे, लघवीचं भांडं हवं असलं तरी गप्प, आवाज थांबायची वाट बघत. हे तिला माहीत होतं. एकदा चादर ओली झाली, तर त्यांनी नुसतं भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि ती इकडे चौकोन मोजत बसली होती. वाईट वाटलं का? नाही वाटलं. खोटं कशाला बोलू. तेजस्विनीच्या वेळी बाळंतीण होऊन दहा दिवस झाले होते, टाके ओले होते, आणि 'प्रतिभा, पाणी' म्हणून हाक आली तेव्हा माठ त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. मी उठले होते. तो माठ मला अजून दिसतो. एकदा दुपारी तिने कोऱ्या पानावर मल्हारी या नावाआधी कै. लावून पाहिलं होतं, कसं दिसतं ते. चांगलं दिसत होतं. मग पुसलं.

"जाऊ दे, तीन स्क्रूंवर बसतंय," तेजस्विनी धूळ झटकत उठली. "आणि आई, काल डिस्क आवरलीस ना? मशीनमध्ये दिसतं ते. रोज करतेस?"

"करावं लागतं."

"रोज नाही करायचं काही. त्यानेच झिजली ती. आता कार्डाला त्याची गरजच नाही, अजिबात करू नकोस."

प्रतिभाने तीन स्क्रूंची बशी तिच्याकडे सरकवली. हिचं डोकं मशीनमध्ये एवढं चालतं आणि आईत जराही चालत नाही, पण पुण्याला धाडून शिकवलं तेही आपणच. झाकण लागलं, बटण दाबलं. पंख्याची बारीक सूं सूं तेवढी, आणि पंचवीस सेकंदांत पडदा उजळून तयार. तेजस्विनी खुशीत हसली. मग भाजी आणते म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडली.

घरात काहीच वाजत नव्हतं. गल्लीतून रिक्षा गेली, ती संपेपर्यंत ऐकू आली. आता येईल हाक, प्रतिभाने मूठ आवळली. आली नाही. खोकला आला, पुन्हा शांतता. मग नाना म्हणाले,

"प्रतिभा, ते वाजत नाही का आज?"

"नाही. आता वाजणार नाही कधी."

खाट करकरली.

"मग हाक कधी मारायची, ते मला कसं कळावं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, त्याला उत्तर तयार होतं. तिने आत चाचपून पाहिलं, तिचा राग होता, जागच्या जागी होता, जरासुद्धा कमी झाला नव्हता, फक्त त्याच्यावर घालायला आता पांघरूण नव्हतं. 'कधीही मारा' म्हणाली तर दुपार गेली, सगळ्या दुपारी गेल्या. आणि नाही म्हणायचं तर ते डिस्क म्हणणार नाही, मी म्हणणार... माझ्या तोंडाने, रोज, त्यांना ऐकू जाईल असं. तिने मूठ उघडली. स्क्रूचे आटे तळव्यात उमटले होते.

"थांबा," ती म्हणाली.

नाना थांबले. इतकी वर्षं थांबत आले होते तसेच. ती उठली नाही. आणि मध्ये काही वाजत नसल्यामुळे, त्यांचं ते थांबणं तिला पहिल्यांदाच ऐकू येत राहिलं.