कोनाड्यातला कप

मित्रांनो, मी एक जुना चिनी मातीचा कप आहे. मला कान नाही आणि मला माणसांची किळस येते. कपाने असं बोलू नये म्हणाल, पण आधी माझी दहा वर्षं ऐका.

उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याच्या भट्टीत आम्ही सहा भाऊ एकाच फळीवर भाजलो. तीच पांढरी माती, तीच झिलई, पोटावर तेच निळं फूल. एकोणनव्वद साली देवळीचे किराणा व्यापारी बंडूजी यांनी आम्हाला घरी आणलं. त्यांच्या म्हाताऱ्या आईने नाक मुरडलं. "हे विटाळाचं भांडं चुलीजवळ आणू नोको," म्हणाली. तिच्या काळी मान पितळेला होता. ती गेली, आमचा विटाळही गेला आणि आम्ही काचेच्या कपाटात बसलो. मला वाटलं, सुटलो.

मग बंडूजींच्या बायकोच्या, सुलोचनाबाईंच्या हातून धुताना माझा कान तुटला. फेकलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला मागच्या अंगणातल्या कोनाड्यात ठेवलं. "हा लहानूले होईल," म्हणाल्या.

लहानू बौद्ध वस्तीतला. दुकानात पोती उतरवायचा. बाई त्याला वरून चहा ओतायच्या, किटली माझ्या काठाला लागू न देता. कान नसल्याने त्याची बोटं भाजायची. पिऊन झालं की तो मला स्वतः धुवायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा. तिथे पाली माझ्यावर शिटायच्या. पालींची मला कधी किळस आली नाही, त्या वरून ओतणाऱ्या हाताची आली. दहा वर्षांत घरच्या कुणी मला एकदाही धुतलं नाही. त्यांच्यापैकी कुणी धुवावं, एवढंच मला हवं होतं.

लहानूची मुलगी पौर्णिमा लहानपणी बापाची भाकर घेऊन यायची आणि हे बघायची. दोन हजार एक साली तीच शिक्षिका होऊन जनगणनेचे कागद घेऊन त्या घरी आली. बंडूजींनी "या मॅडम" म्हणत खुर्ची दिली. बाईंनी कपाटातला माझा भाऊ काढला, बशीसकट.

"माह्या बाबाचा कप कोनाड्यात असन," पौर्णिमा म्हणाली. "त्यातच द्या मले."

"त्यात काऊन, मॅडम? त्याले कान नाई."

"बाबाले चालते नं? मग मले बी चालते."

ती स्वतःच मागच्या अंगणात जाऊन मला घेऊन आली. बाईंनी चहा ओतला. बोटं भाजत होती, तरी ती सावकाश प्यायली. माहिती लिहिली, सही घेतली आणि मला उष्टाच टेबलावर ठेवून उठली. दारात थांबून म्हणाली, "आजपासून बाबा कप धुणार नाई."

बराच वेळ माझ्यावर फक्त माशा बसल्या. शेवटी सुलोचनाबाईंनी मला दोन बोटांत उचललं, राखेने तीनदा घासलं आणि मग स्वतःचे हात साबणाने धुतले. ज्या हाताची दहा वर्षं वाट पाहिली, तो लागला आणि मला शिसारी आली.

मित्रांनो, कप फुटला तर खुशाल फेका. पण आज घरी गेलात की मागचा कोनाडा बघा. तिथे माझ्यासारखा कुणी पालथा असेल, तर त्याला आत आणा, आपल्या हाताने धुवा आणि त्यातला चहा आधी तुम्ही प्या.