सेल्फ-स्टडी

"नका शिकवू. सोडून द्या तो चॅप्टर," जोसेफीन म्हणाली आणि प्रिन्सिपल सरांचा चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन तसाच थांबला.

मी दाराशी उभी होते. बायॉलॉजी लॅबच्या भिंतीवरचा माकडापासून माणसापर्यंतचा तक्ता उतरवून आण, असा हुकूम झाला होता. तो गुंडाळून काखेत धरला होता. टेबलावर पालकांचं पत्र होतं. बारावीच्या मुलींना इव्होल्यूशन शिकवू नये, ते आमच्या धर्माविरुद्ध आहे, असं त्यात लिहिलेलं आणि खाली सह्याच सह्या. त्यात एक उस्मानची, म्हणजे आमच्या घरधन्याची. घरात मला एका शब्दाने बोलला नव्हता. मी तिकडे बघायचंच टाळलं.

"टीचर, आर यू शुअर?" सरांनी विचारलं.

दरवर्षी या चॅप्टरवरून कुजबुज व्हायची आणि दरवर्षी जोसेफीन भांडायची. बोर्डाचा सिलॅबस आहे, मार्क आहेत, मुलींना मेडिकलला जायचंय, एक ना दोन. आजही ती भांडेल, मग आपण पालकांना सांगू की टीचर ऐकत नाहीत, असा सरांचा हिशेब. साप मरावा आणि काठीही मोडू नये. तर काठीच म्हणाली, मला नाही मारायचं.

"शुअर. सेल्फ-स्टडीला टाका. घरी वाचतील मुली."

"खलास देन," सर म्हणाले आणि चहा प्यायले.

मी काय मानते ते आधीच सांगून टाकते. मी श्रीवर्धनची रबिया, आखातातल्या या इंडियन शाळेत लॅब असिस्टंट, पाच वेळची नमाजी. आपण आदमची औलाद, यात मला काडीची शंका नाही. त्या तक्त्यातल्या वाकड्या म्हाताऱ्यांवरची धूळ मी रोज पुसायची आणि रोज मनात म्हणायची, बाबांनो, तुम्ही माझे कोणी नव्हे. पण जोसेफीन तो चॅप्टर शिकवायला लागली की माझ्या हातातली परीक्षानळी धुऊन संपायची नाही. मानत नाही म्हणून ऐकूही नये, असं थोडंच आहे?

लॅबमध्ये आल्यावर मी दार लावून घेतलं. चारचौघांत ती माझी जोसेफीन टीचर, एकटी असली की जोसे. फरीज बिन ओमरान मोहल्ल्यात आमच्याच बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर राहते. नवरा जेकब, दोघंही वसईचे.

"काय गो, जीभ गहाण टाकलीस काय?" मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याची सही बघून गप्प बसलीस?"

"तुझ्या नवऱ्याला कोण विचारतं! एसी बंद कर आधी."

"या उन्हात?"

"त्यात ऐकू येतो."

काय ऐकू येतो, ते मला विचारावं लागलं नाही. मी एसी बंद केला.

डीन तिचा मुलगा. थॅलेसेमिया झालेला. दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात रक्त चढवायचं. त्या रक्तातलं लोह अंगात साठायचं, ते काढायला पोटावर सुई टोचून एका छोट्या पंपाने तासन् तास औषध द्यायचं. जोसेफीनला दुपारी ड्यूटी असली की तो माझ्या हॉलमध्ये दिवाणावर पडायचा. कमरेला पिशवी, पिशवीत पंप. शेजारी माझी मुलगी शफा, आता बारावीत आहे ती. दोघं कार्टून बघत खाकरा खायचे आणि दर थोड्या वेळाने तो पंप घिर्र करायचा. अकराव्या वर्षी त्याचं हृदय दमलं. वसईला नेऊन पुरला त्याला. आता दोन वर्षं होतील. अजूनही कधी भरदुपारी, घरात मी एकटी असताना, दिवाणाकडून घिर्र येतं. मी कुराणातली आयतुल कुर्सी म्हणते. तरी येतं. भीती नाही वाटत, त्या लेकराची कसली भीती? पण दिवाणाकडे बघवत नाही.

जोसेफीन स्टुलावर बसली होती. हात मांडीवर.

"गेल्या वर्षी शिकवला मी," ती म्हणाली. "कसा शिकवला ते माझं मला माहीत. जे तगतात ते पुढे जातात, बाकीचे गळतात. हे मी उभी राहून मोठ्याने सांगायचं? गळले ते कोण, ते मुलींना नाही, पण मला माहितीये ना!"

"मग तुमचे ते चर्चमधले प्रार्थनेवाले काय सांगतात?"

"ते सांगतात देवाची योजना. हे पुस्तक सांगतं निसर्गाची निवड. दोघांनाही निवडायला माझाच पोर सापडला! मला दोन्ही नकोत, रबिया. सही करायला तुझ्या नवऱ्याने मला बोलावलं असतं तर मीसुद्धा केली असती."

मी उठून पाणी दिलं. प्यायली नाही.

संध्याकाळी उस्मान वेस्ट बेच्या कामावरून आला तो खुशीत. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"ऐकलं मा? जमलं शेवटी," बूट काढत म्हणाला.

"अल्लाच्या घरी तुमची सही पोचली असेल," मी म्हटलं. "बायकोच्या नोकरीचा तरी विचार करायचा होता."

तेवढ्यात आतून शफाचा आवाज यायला लागला. परीक्षेआधी ती असंच करते, डोलत डोलत मोठ्याने घोकते. गाइडमधली इंग्लिश वाक्यं, एकाच सुरात, पुन्हा पुन्हा. द अनफिट डू नॉट सर्व्हाइव्ह. हार्मफुल जीन्स आर एलिमिनेटेड. द अनफिट डू नॉट सर्व्हाइव्ह.

"हा तोच चॅप्टर," मी म्हटलं.

"असू दे. बोर्डात येणार तर घोकायला नको? शाळेत शिकवला नाही म्हणजे झालं."

"म्हणजे डोक्यात शिरला तर चालेल, फक्त टीचरच्या तोंडून नको. वा रे तुमचा दीन-धरम!"

तो टीव्हीकडे वळला. मी आत गेले. शफा पलंगावर, डोळे मिटलेले, ओठ चाललेले.

"शफा, काय म्हणतेस ते कळतंय तरी का?"

"मम्मी, इट्स सेल्फ-स्टडी. जस्ट मगिंग अप."

"उदाहरण काय दिलंय त्यात?"

"सिकल सेल, थॅलेसेमिया..." ती म्हणाली आणि पुढचं वाक्य उचलता उचलता अडकली. डोळे उघडले. "मम्मी, दॅट्स डीन."

मी पलंगाच्या कडेला बसले.

"वॉज ही अनफिट?"

माझ्याकडे नमाज आहे, रोजा आहे, आईने शिकवलेल्या सगळ्या दुवा आहेत. त्यातलं एकही या प्रश्नाला लागेना. मी म्हटलं, जेवायला चल. ती आली नाही.

सकाळी लॅबमध्ये मी जोसेफीनला सरळच सांगितलं. गोड बोलून सांगण्यासारखं नव्हतंच ते.

"माझी पोरगी तुझ्या डीनला घोकत बसलीये. वर्गातल्या सगळ्याच बसल्या असतील. तू तोंड मिटलंस म्हणून तो पुस्तकातून गेला नाही, जोसे. तो तिथेच आहे, फक्त आता त्याची आई नाही तिथे."

ती स्टुलावरून उठली. मला वाटलं, आता ही मला थोबाडीत मारणार. मारली असती तर मी खाल्ली असती.

"चॉक दे," ती म्हणाली.

"सर?"

"सरांना मी बघते. यल्ला, मुलींना बोलाव."

मुली येऊन बसल्या, शफा दुसऱ्या बाकावर. जोसेफीनने फळ्यावर एक चौकोन काढला, शेजारी एक गोल. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. दोन्ही अर्धे रंगवले. अर्धा रंगवलेला म्हणजे रोग नाही, पण रक्तात त्याची खूण आहे. दोघांमधून रेघ खाली आणली आणि एक छोटा चौकोन काढून तो पूर्ण रंगवायला घेतला. चॉक मोडला, उरलेल्या तुकड्याने रंगवला. कोपरेसुद्धा सोडले नाहीत.

"आमच्या वसईच्या खाडीवर हिवताप फार," ती हिंदी-इंग्लिशमध्ये बोलायला लागली. आवाज साधाच होता. "घरंच्या घरं जायची. ज्यांच्या रक्तात ही अर्धी खूण, ते जास्त वाचायचे. माझ्या पणज्या अशाच वाचल्या असतील. त्या वाचल्या म्हणून मी आहे. पण अर्ध्याला अर्धं भेटलं की हे असं मूल होतं. जे रक्त पणजीच्या कामी आलं, ते या मुलाला भोवलं. फिट म्हणजे चांगला नव्हे, अनफिट म्हणजे वाईट नव्हे. त्या जागी, त्या वेळी तगला, एवढाच अर्थ. लिहून घ्या."

"मिस, पण मग माणूस देवाने बनवला ते?" मागून कोणीतरी विचारलं.

"ते घरी विचार, बाळ. मीपण विचारते, दर शुक्रवारच्या सुट्टीत चर्चमध्ये, गुडघ्यावर बसून. मला अजून उत्तर आलेलं नाही. तुला आलं तर मला सांग."

काचेबाहेर सर येऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. नोकरी गेली तर गेली. थोड्या वेळाने त्यांच्या बुटांचा आवाज लांब गेला.

शफाने हात वर केला. "मिस, व्हॉट्स हिज नेम?"

असल्या आकृतीत नाव लिहीत नाहीत. चौकोन, गोल, बस. जोसेफीनने दोन वर्षांत शाळेत ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. ती फळ्याकडे वळली आणि छोट्या चौकोनाखाली लिहिलं, डीन. मग घंटा झाली.

मुली हळूहळू निघाल्या. शफा जाताना तिच्यापाशी थांबली, मग दप्तर सावरत गेली. जोसेफीनने पुस्तक मिटलं, पर्स उचलली आणि तीही गेली.

पुढचा तास अकरावीचा. फळा पुसायचं काम माझंच. डस्टर उचलला, खाली ठेवला. आधी बाकीचं सगळं पुसून घेतलं. मग उरलेलं नाव आणि तो चौकोन तळहाताने पुसले, सावकाश, जेवून उठलेल्या लेकराचं तोंड पुसावं तसे. कोणी गेलं की आम्ही म्हणतो ते ओठांवर आपोआप आलं, इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. ख्रिस्तावाच्या पोरासाठी हे म्हटलेलं चालतं का, ते मी कोणालाही विचारलं नाही.