नैवेद्याचं ताट

चातुर्मास लागून आठ दिवस झाले होते, आणि आठही दिवस दुपारी एकच्या सुमारास सगुणाबाईंच्या पोटात कुणीतरी मूठ आवळत होतं.

जेवून उठल्यावर पाच-सात मिनिटं काही वाटायचं नाही. मग छातीच्या हाडाखाली, बरोबर मध्ये, घास अडकून बसल्यासारखं व्हायचं. तोंडाला पाणी सुटायचं, कपाळावर घाम फुटायचा आणि कळ थेट पाठीत जायची. मग त्या मोरीचं दार लावून घ्यायच्या, नळ पूर्ण सोडायच्या आणि खाल्लेलं सगळं बाहेर काढायच्या. नळाच्या आवाजात घरात कुणाला कळत नाही, अशी त्यांची समजूत होती.

ऑपरेशन मार्चमधलं. वजन एकशे सोळा किलोवर गेलेलं, साखर वाढलेली, गुडघे असे की मानपाडा रोडवरच्या आपल्याच बिल्डिंगचे तीन जिने चढताना प्रत्येक जिन्याशी टेकावं लागे. टिटवाळ्याला अंगारकीच्या रांगेत उभं राहवेना, म्हणून गणपतीला बाहेरूनच हात जोडून परत आल्या, त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं. मुंबईच्या एका डॉक्टरांनी हे नवीन ऑपरेशन सुरू केलं होतं. जठराचा वरचा एवढासा भाग शिवून वेगळा करायचा, की थोडक्यात पोट भरतं. "आता तुमचं पोट अंड्याएवढं," असं डॉक्टर म्हणाले होते. सगुणाबाईंनी घरी येऊन सांगितलं, लिंबाएवढं.

शेजारच्या कलावतीकाकू भेटायला आल्या, तेव्हा म्हणाल्या, "अहो, कुलूप तोंडाला लावायचं, ते पोटाला कशाला लावलंत?"

"आमच्या हिला स्टेपलर मारलाय," असं त्यांचे यजमान सीताराम कंपनीत सगळ्यांना सांगायचे. रात्री मात्र दोनदा उठून तिचा श्वास चाललाय ना, ते बघायचे.

तीन महिने सगळं नीट चाललं. पेज, वरणाचं पाणी, कुस्करलेली खिचडी. दिवसातून पाच वेळा अर्धी-अर्धी वाटी. वीस किलो उतरले. मग आषाढी एकादशी आली.

लग्नानंतरच्या पहिल्याच चातुर्मासात सासूबाईंनी, भागीरथीबाईंनी, सुनेला हे व्रत घालून दिलं होतं. चार महिने दुपारचं एकच जेवण. तेही एकवाढी, म्हणजे पानात एकदाच वाढून घ्यायचं, पुन्हा काही मागायचं नाही. पानावर बसल्यापासून उठेपर्यंत मौन. आणि पानात शीतही टाकायचं नाही. बावीस वर्षं सगुणाबाईंनी यात खंड पाडला नव्हता. बाळंतपणातही नाही.

आता वाढायच्या सासूबाई. त्यांचा हात सढळ, आणि सुनेचं पान वाढायचं माप बावीस वर्षं हाताला बसलेलं. भाताची मूद, वर वरण, पोळी, भाजी, कोशिंबीर. यंदा त्यांनी त्यांच्या मते कमीच केलं होतं, एक पोळी वाढत होत्या. पण लिंबाएवढ्या पोटाला तो डोंगरच. पुरे म्हणायला मौन आडवं येई, टाकायला व्रत आडवं येई. सगुणाबाई शेवटचं शीत टिपून उठायच्या आणि घड्याळाकडे बघायच्या.

त्याच आठवड्यात सोमवारी तपासणी होती. "उलट्या होतात का?" डॉक्टरांनी विचारलं. खोटं बोलणं जिवावर आलं. त्यांनी खाली बघून होकाराची मान हलवली आणि व्रताचं सांगून टाकलं. डॉक्टरांनी पेन ठेवलं. "असंच चाललं तर आतली शिवण उसवेल. मग पुन्हा उघडावं लागेल, आणि ते पहिल्याइतकं सोपं नसेल. व्रत सोडा बाई. देव समजून घेईल."

देव समजून घेईल, हे सगळेच म्हणत होते. पण दुखायला लागलं की सगुणाबाईंच्या मनात यायचं, त्यानं दिलेलं पोट आपण कापून शिवून घेतलं, आणि आता त्याच्या नावाचं व्रतही सोडायचं? ही कळ म्हणजे त्याचाच तर राग नसेल?

नवव्या दिवशी मोरीतून बाहेर आल्या, तर सासूबाई दारातच उभ्या. हातात रिकामा तांब्या.

"रोज दुपारी माळ्यावरचं पिंप कसं रिकामं होतं, म्हणून बघायला आले. नळ सोडून काय करतेस गं?"

"काही नाही, आई."

"काही नाही? डोळे बघ तुझे. लाल झालेत." त्यांनी आत डोकावलं. वास लपत नव्हता. "म्हणजे मी वाढलेलं तू रोज..."

"पानात टाकायचं नाही ना," सगुणाबाई हळूच म्हणाल्या.

"आणि मोरीत टाकलेलं चालतं?"

एवढं बोलून सासूबाई तांब्या तिथेच ठेवून देवघराकडे गेल्या. संध्याकाळी वातीसुद्धा त्यांनी एकट्यानेच वळल्या.

सगुणाबाईंना त्या वाक्याने दिवसभर सोडलं नाही. खरंच होतं. शीत न् शीत टिपून त्या अन्न टाकतच होत्या. आणि मौन? तोंड बंद, पण आत अखंड बडबड. आता दुखेल, किती उरलंय, आई बघतायत, लवकर संपव. इतक्या गलक्यात पोट काय म्हणतंय ते ऐकायलाच कोण होतं?

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे त्यांनी देवाचा नैवेद्य वाढला. चांदीची छोटी ताटली. चमचाभर भात, त्यावर वरण, तुपाचा थेंब, पोळीचा चतकोर, बोटभर भाजी, चिमूटभर कोशिंबीर. पाण्याचं मंडल काढलं, ताटली ठेवली, डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या तिच्याकडे बघतच राहिल्या. एका पानात जे जे लागतं ते सगळं तिच्यात होतं. देवाला आजवर कधी कमी वाढल्यासारखं वाटलं नव्हतं.

सासूबाई ताट घ्यायला आल्या. नैवेद्याचं ताट त्यांचं. सासरे गेल्यापासून तो मान त्यांचा, त्यावरूनच त्यांचं जेवण सुरू व्हायचं.

"आई, एक मागू? मौन धरायच्या आधी मागते." सगुणाबाईंचा आवाज आधीच बारीक, तो आणखी बारीक झाला. "चार महिने हेच माझं पान असू द्याल? एकवाढी. दुसरं काही वाढू नका. मधे दूध, ताक घेईन, ते व्रताआड येत नाही."

भागीरथीबाईंनी ताटलीकडे बघितलं.

"सोळा वर्षं खातेय मी ते," त्या म्हणाल्या. मग ताटली उचलून त्यांनी पाटासमोर ठेवली. "बस. गार होतंय."

सगुणाबाईंनी हात जोडले आणि मौन धरलं. पहिला घास हरभऱ्याएवढा. एका घासाला बत्तीस वेळा नामस्मरण, तितकंच चावणं, मगच गिळणं. पोळी तोंडात विरघळून गेली. तिसऱ्या घासाला आतली बडबड थांबली. बाहेर कुणाकडे तरी कुकरची शिट्टी झाली. चतकोर संपला, भाजी संपली, भात निम्मा झाला, आणि छातीत एक इवलीशी उचकी आली.

ही उचकी गेल्या नऊ दिवसांतही आलीच असणार. इतकी हलकी, दार लोटल्यासारखी. तिच्यानंतरचा घासच कळ घेऊन येत होता.

हात थांबला. ताटलीत दोन घास भात उरला होता. टाकायचा तर व्रत, खायचा तर शिवण. सगुणाबाईंनी वर बघितलं. मौनात विचारता येत नव्हतं, आणि विचारायचं तरी काय?

सासूबाई समोरच बसल्या होत्या, आपलं पान न वाढता. त्यांनी सुनेच्या थांबलेल्या बोटांकडे बघितलं. मग ताटली आपल्याकडे ओढली आणि तो भात तोंडात घातला. सुनेच्या पानातला, तिच्या बोटांनी कालवलेला.

न राहवून सगुणाबाईंनी सासूबाईंचं मनगट धरलं.

"प्रसाद आहे तो," सासूबाई घास चावत म्हणाल्या. "उष्टं कसलं त्यात? पान रिकामं झालं. ऊठ आता."

सगुणाबाई उठल्या. हात धुतले. खिडकीशी बसून त्यांनी घड्याळाकडे बघितलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हाडाखाली थोडं जड वाटलं आणि तेवढंच राहिलं.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, मोरीतला नळ बंद आहे ना?"

"बंद आहे, आई," त्या म्हणाल्या.