कडेचा उजेड

दादा गेल्याला आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा धाकटी कामावर हजर झाली. घरी तिला सगळे धाकटीच म्हणत. दादा एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला आला होता आणि त्याने जिन्यातूनच "ए धाकटे" अशी हाक मारली होती, तेव्हापासून ऑफिसातही तेच नाव पडलं. ती आत आली तशी खोलीतली बोलणी थांबली. तिने पिशवी खुर्चीला अडकवली, संगणक सुरू केला आणि म्हणाली, "खिडकी कोणी उघडी ठेवली? धूळ येते." सगळ्यांना हायसं वाटलं. निदान धुळीवर तरी बोलता येत होतं.

तिथे जवळच्या दीर्घिकांची पाहणी चालली होती. जवळच्या म्हणजे त्यातल्या त्यात. दुर्बिणीने टिपलेली चित्रं या खोलीत येत, आणि प्रत्येक दीर्घिकेत सगळ्या ताऱ्यांचं मिळून वस्तुमान किती, तिचा आकार कसा, चपटी तबकडी की गोल गोळा, मधला फुगवटा केवढा, हे काढायचं. बरंचसं संगणकच करी. पण मध्ये कडमडणारे आपल्याच आकाशगंगेतले तारे झाकणं आणि दीर्घिकेची कड ठरवणं, ही दोन कामं माणसाच्या नजरेवर होती. खरं तर कड अशी नसतेच. उजेड विरत विरत जातो, आणि कुठेतरी नुसतं आकाश उरतं. जिथवर उजेड धरला तिथवरचा मोजायचा आणि त्यावरून वस्तुमान काढायचं.

पाहणीच्या प्रमुखांना सगळे बाई म्हणत. त्यांचा एक नियम होता: प्रत्येक दीर्घिका दोघांनी मोजायची, आणि एकाने दुसऱ्याचं बघायचं नाही. दोघांचे आकडे जुळले तरच पुढे. धाकटीच्या जोडीला कासव होता. एकेका चित्रापुढे तो इतका वेळ बसे की नाव आपोआपच पडलं. त्याला कोणी टोकलं तर म्हणे, "ती अब्जावधी वर्षं तिथेच आहे. मी चहा पिऊन आलो म्हणून पळून थोडीच जाणार आहे?"

धाकटीला काम जमत होतं. बोलणंही जमत होतं. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल जसा होतो, आपलाच पण चावला तरी कळू नये असा, तशी ती सगळीच झाली होती. रस्ता ओलांडताना गाडी अंगावर आली तर ती नीट थांबे, पण छातीत धस्स होत नसे. लोकांना वाटलं, काय खंबीर मुलगी आहे. तिने ते खोडून काढलं नाही.

घरी तिघंच होती. दादा, वहिनी आणि ती. आता दोघी. दादा लोकांचे फ्रिज दुरुस्त करायचा. त्या दिवशी कामावरून आला, बूट काढायला बसला तो बसलाच. त्याचा फोन मात्र चालू होता, आणि गिऱ्हाइकांना कुठे काय माहीत? दिवसातून दोन-तीनदा तरी तो वाजे. वहिनी हात लावत नसे, म्हणून धाकटी उचले.

"तो सध्या कामं घेत नाही," ती सांगे. "दुसरं कोणीतरी बघा."

एका संध्याकाळी वहिनी कपडे घडी करता करता थांबली.

"सध्या म्हणजे?"

"फोनवर काय सांगायचं, वहिनी?"

"जे झालं ते सांगायचं. लांबचे, ओळखीचे, कोण कोण येऊन रडून गेले. तुझ्या डोळ्याला थेंब नाही. आणि वर लोकांना सांगतेस, सध्या कामं घेत नाही. मग कधीपासून घेणार आहे? सोमवारपासून?"

धाकटीने फोन चार्जिंगला लावला आणि उरलेले कपडे घडी करायला बसली. वहिनीने तिच्या हातातला शर्ट ओढून घेतला. तो दादाचा होता. वहिनी तो घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. धाकटीने राहिलेले टॉवेल घडी केले.

असे दोन-अडीच महिने गेले. मग एका सकाळी बाईंनी तिला एका दीर्घिकेचं चित्र अहवालासाठी काढून द्यायला सांगितलं. शेजारच्या दीर्घिकेने ओढल्यामुळे तिला एक वाकडं शेपूट फुटलं होतं, फार मंद, जेमतेम दिसणारं. धाकटीला ती आठवत होती. कड तिने शेपटाच्या अलीकडेच धरली होती. का, ते आठवत नव्हतं. एवढं पुरे असं काहीसं वाटलं होतं. पण आता तिच्या नावापुढे जो आकडा होता, त्यात शेपूट आत घेतलेलं होतं.

तिला वाटलं, आपलीच काहीतरी गफलत. तिने आणखी एक उघडून पाहिली, मग आणखी. तिचे म्हणून लिहिलेले आकडे तिचे नव्हते. कासवाच्या आकड्यांच्या अगदी जवळचे होते, पण तंतोतंत नाहीत. कोणीतरी काळजीपूर्वक थोडासा फरक ठेवला होता. इतकी काळजी घेणारा त्या खोलीत एकच होता.

जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या टेबलाशी गेली.

"माझे आकडे तू बदललेस?"

कासवाने आधी दाराकडे पाहिलं. "बस ना."

"बसत नाही. बदललेस का?"

"आपले आकडे जुळेनात म्हणून मी तुझं उघडून पाहिलं. तुझी कड आत यायला लागली होती," तो हळू आवाजात म्हणाला. "आधी जराशी, मग बरीच. बाहेरचा मंद उजेड तू सोडूनच द्यायचीस. सगळ्यांचं वस्तुमान कमी येत होतं. तबकडीचा बाहेरचा भाग कापला की उरतो नुसता फुगवटा. चांगल्या चपट्या दीर्घिका तुझ्याकडे गोळे होऊन बसल्या होत्या."

"मग मला सांगायचंस."

"कसं सांगणार? तुझा भाऊ गेला होता. म्हटलं पोटात ठेवावं. होईल महिनाभरात ठीक. तोवर मी बघतो तुझं."

"किती बदललेस?"

"मोजले नाहीत."

कासवाने काही मोजलं नाही असं पहिल्यांदाच घडत होतं. धाकटी उभी होती तशीच उभी राहिली. आता आपल्याला राग यायला हवा, असं तिला कळत होतं. किंवा भरून यायला हवं. तिने दोन्हींची वाट पाहिली. मग म्हणाली, "बाईंना सांगावं लागेल."

"कशाला? माझं मोजमाप बरोबर आहे. कोणाचं काही बिघडलेलं नाही."

"तुझं बरोबर असेल. पण मग माझं कुठे आहे?"

"तुझ्यासाठी केलं मी."

"माहीत आहे मला."

ती जागेवर परतली. पाठीमागे कासव स्वतःशीच पुटपुटला, "ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं."

त्या संध्याकाळी ती घरी पोचली तर दादाचा फोन वाजतच होता. वहिनी समोर भाजी चिरत बसली होती आणि फोनकडे बघतही नव्हती. धाकटीने पायातली चप्पल न काढताच तो उचलला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. फ्रिज गार करत नव्हता.

"सध्या..." धाकटी म्हणाली, आणि थांबली. "ते वारले. माझे भाऊ होते."

"अरेरे," गृहस्थ म्हणाले. "फार सज्जन माणूस हो. चहासुद्धा घेत नसत, म्हणत काम झाल्यावर." मग अगदी खालच्या आवाजात, "बाळ, विचारू नये, पण... मग आमच्या फ्रिजचं काय करावं?"

धाकटीने त्यांना दादाच्या एका मित्राचा नंबर दिला आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" वहिनीने विचारलं.

"म्हणाले, मग आमच्या फ्रिजचं काय करावं."

वहिनीने सुरी खाली ठेवली. तिच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि धाकटीला आधी कळेना की ती हसते आहे. मग ती हसता हसता रडायला लागली, पदराने नाक पुसून पुन्हा हसली. "त्याला हे सांगितलं असतं ना," ती म्हणाली, "तर तो उठून गेला असता गं, हत्यारांची पेटी घेऊन." धाकटी तिच्या शेजारी जमिनीवर बसली. तिला रडू आलं नाही. पण वहिनीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं ते जड लागलं, आणि ते तिला कळलं. चिरलेली भाजी तशीच राहिली. त्या दिवशी दोघी पाव आणि दूध खाऊन झोपल्या.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी कासवालाही बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत. चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळत बसल्या.

"दोघांनी मोजलं म्हणून आपण खात्री धरतो," त्या कासवाला म्हणाल्या. "इथे एकानेच दोनदा मोजलंय. तू बरोबर आहेस की नाही हे आता तुलाही सांगता येणार नाही."

कासव मान खाली घालून म्हणाला, "हो."

त्या महिन्यांतली दोघांची मोजमापं बाद झाली. जोड्या बदलल्या. अहवाल पुढे ढकलावा लागला, त्याची वाट बघणाऱ्या लोकांना बाईंनी स्वतः कळवलं. कासव गेल्यावर त्यांनी धाकटीला थांबवलं.

"रजा का नाही घेतलीस तेव्हा?"

"घरी काय केलं असतं?"

"हं." बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "रजेवर जा असं मी म्हणत नाही. पण महिनाभर कड ठरवायचं काम नको. नुसते तारे झाक."

म्हणून धाकटीने महिनाभर तारे झाकले. दीर्घिकेवर पडलेला प्रत्येक उपरा तारा शोधायचा, त्यावर काळा ठिपका ठेवायचा, पुढच्याकडे जायचं. कोणी तिला कमी समजलं नाही आणि कोणी जास्त गोडही बोललं नाही. कासव आता खिडकीपाशी दुसऱ्या जोडीदाराबरोबर बसायचा. दोघं एकमेकांना भेटली की "झालं?" "होतंय" एवढंच बोलत. त्याला वाईट वाटलं होतं ते तिला दिसे. आपण त्याच्याशी बोलायला हवं, हेही तिला समजे. ते पुढच्या आठवड्यावर जाई, मग त्याच्या पुढच्या.

घरी वहिनी फोन घ्यायला लागली. कोणी विचारलं की सरळ सांगे, मित्राचा नंबर देई, आणि समोरचा हळहळला की त्यालाच धीर देई. पुढे तिने कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानात नोकरी धरली. दादाचे कपडे एका रविवारी दोघींनी मिळून बांधले. काही ठेवले, बाकीचे दिले. वहिनी रडली. धाकटीने गाठी मारल्या.

महिना संपल्यावर बाईंनी तिला तिच्याच जुन्या दीर्घिका पुन्हा दिल्या. पहिलीपुढे ती कासवासारखी बसून राहिली. कड धरली, बाहेर सरकवली, पुन्हा पाहिलं, आणखी बाहेर सरकवली. नवी जोडीदारीण काय मोजते आहे ते तिला माहीत नव्हतं. पुढे जुळवणी झाली तेव्हा दोघींचे आकडे जुळले. तबकड्या तबकड्याच राहिल्या. बाई म्हणाल्या, "ठीक," आणि पुढचा गठ्ठा दिला. कासवाचेही नव्याने केलेले आकडे बरोबर आले. अहवाल उशिरा का होईना, निघाला.

त्याच सुमारास एका दुपारी काम करता करता धाकटीला भूक लागली. वेळ झाली म्हणून खायची तशी नव्हे. पोटात खरीच आग पडली होती. तिने चित्र तसंच सोडलं आणि खाली कँटीनमध्ये गेली. उकडलेली अंडी आणि पाव घेतला. टेबलं बहुतेक रिकामी होती. एका टेबलाशी कासव सावकाश सूप पीत होता. ताट घेऊन ती त्याच्यासमोर बसली.

त्याने आपली वाटी जराशी बाजूला सरकवली.

"मीठ दे," ती म्हणाली.

त्याने मीठ दिलं. तिने अंडं सोललं, मीठ लावलं, आणि दोन घासांत संपवलं. मग दुसरं.